डब्यात नव्हतं ते

पुणे,
४ नोव्हेंबर २०१८, रविवार

अब्बाले मेहजबीनचा सलाम. जाकीरभाईले अन् घरच्या सगळ्यायले दुआ.

मी बरी आहे. तुमचा खोकला कसा आहे ते खरं लिहा, 'ठीक आहे' लिहून मले गुंडाळू नका. रुई पिंजताना तोंडाले रुमाल बांधता का? नसाल बांधत, मले माहीत आहे. जाकीरभाईले फोनवर विचारलं तं म्हणे बांधतात. तो तुमचाच लेक, तुमच्याच बाजूनं बोलणार.

फोनवर तुमच्याशी बोलता येत नाही याचं मले लय वाईट वाटते. चाळीस साल त्या पिंजणाच्या मशीनजवळ बसून तुमचे कान गेले. आता मी बोलायचं, जाकीरभाईनं ते तुमच्या कानात ओरडून सांगायचं, अन् सगळ्या गल्लीनं ऐकायचं. त्यापेक्षा हा कागद बरा. इथं दिवसभर 'मला, तुला' करून जीभ आखडते, म्हणून तुमाले लिहिताना आपलं चिखलीचंच लिहिते. एकदा कॅन्टीनमधे माह्या तोंडून 'मले' निघालं तं दोघीजणी तोंड दाबून हसल्या. तवापासून मी डबा खोलीवर येऊनच खाते. खोलीत दुसरं कोणी नाही. माही सोबतीण लग्न होऊन गेली, तिचा पलंग रिकामाच आहे.

उंद्रीचे पंजाबराव लेकीच्या लग्नाच्या गाद्या भरायले घरचा कापूस घेऊन आले, हे वाचून बरं वाटलं. मागच्या साली बोंडअळीनं एवढी दैना केली होती, की लेकीच्या गादीपुरता कापूसही कोणी घरात ठेवला नव्हता. जे निघालं ते सगळं बाजारात गेलं. दिवाळीच्या तोंडावर आपल्या दुकानात तुम्ही एकटे बसून होता अन् बाजूले जाकीरभाई फोमच्या गाद्या विकत होता. त्याच्यावर चिडू नका. लोकं मागतात ते तो ठेवते.

अम्मीनं माह्या नावानं बांधलेलं पोतं अजून माळ्यावर आहे का? वेचणीले जाये तं मालकिणीले सांगून दोन ओंजळी साफ कापूस बाजूले काढे, अन् म्हणे, "हा मेहजूच्या गादीचा." दहा-बारा साल तिनं ते पोतं भरलं. त्याले उंदीर लागू देऊ नका.

तुम्ही विचारलं, मेहजबीन तिथं काय करते म्हणून लोकं विचारतात, त्यायले काय सांगू. असं सांगा. माणसाच्या अंगातली कॅन्सरची गाठ काढली, की तिचा बारीक तुकडा आमच्याकडं येते. तो आम्ही जिता ठेवतो अन् वाढवतो, म्हणजे कोणती दवा त्याच्यावर चालते ते पाहता येते. आधी लोकं त्या पेशी सपाट बशीत वाढवत. त्या तिथं पसरतात, चपट्या होऊन चिकटून बसतात, तुमच्याकडं येणाऱ्या जुन्या दबलेल्या गादीसारख्या. अंगात तं त्या तशा नसतात ना! म्हणून आता आम्ही त्यायले एका नरम जेलमधे ठेवतो. ते थंडीत पातळ राहते अन् अंगाच्या उबेत जमते. त्याच्या आत त्या पेशी चहूबाजूनं वाढतात, बारीक गोळे करतात, अंगात राहायच्या तशा राहतात. तुम्ही म्हणता ना, रुई मोकळी झाल्याशिवाय कशी आहे ते समजत नाही. तसंच आहे हे.

अम्मीच्या बरसीले कबरीवर दगड लावायचं तुम्ही लिहिलं. अन् शेवटी लिहिलं, "मनाले एकच समाधान आहे का नूरबी पुरीच्या पुरी मातीत गेली. अल्लाच्या दारात तिले कोणी विचारणार नाही का तुहं काही मागं राहिलं का." दगडावरही तसंच कोरायचं म्हणता, अन् उर्दूत कसं लिहायचं ते मौलानाले विचारून आले.

अब्बा, दगडाचं जरा थांबा.

रुमाल बांधत जा.

तुमची
मेहजबीन


पुणे,
१८ नोव्हेंबर २०१८

अब्बाले सलाम.

तुमचं कार्ड आलं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच शब्द, 'काऊन?' पत्ता सोडून दुसरी एक ओळ नाही. मले हसू आलं अन् मंग लय रडू आलं.

सांगते. पण हे पत्र दुकानात वाचू नका. माळ्यावर जाऊन वाचा.

मागच्या साली मार्चमधे अम्मीचं इथं ऑपरेशन झालं, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट आहे. तुम्ही दुपारच्या, जोहरच्या नमाजले गेले होते. दवाखान्यातली एक बाई कागद घेऊन अम्मीच्या पलंगापाशी आली. तिनं मराठीत सगळं वाचून दाखवलं. जे काढतील त्याच्यातला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा संशोधनाले द्याल का, जबरदस्ती नाही, नाही म्हणलं तरी इलाज तसाच होईन. तो तुकडा आमच्याच लॅबमधे येणार होता. म्हणून मी गप्प बसले. मी 'दे' म्हणलं तं तिले वाटन, पोरीच्या नोकरीसाठी द्यावं लागते.

अम्मीनं विचारलं, "याच्यानं दुसऱ्या कोण्या बाईचं भलं होईन का?" ती बाई खरं बोलली. म्हणे, "आत्ताच सांगता येत नाही मावशी, पण त्याचसाठी करतो." अम्मी म्हणे, "मंग घ्या."

मी म्हणलं, अम्मी, अब्बा सगळं गावी नेऊन पुरणार आहेत. अंगातून निघालेलं मातीले द्यायचं, हे त्यायनं आधीच डॉक्टरले सांगून ठेवलं. त्यायले विचारू तं दे.

तुमाले माहीत आहे ती कशी हसे ते, ओठ दाबून. म्हणे, "तुह्या बापाले सांगू नको. तो माणूस रुईतली एक सरकी खाली सांडू देत नाही, मले काय सांडू देईन? तांदळाएवढंच म्हणून राह्यली ना ती बाई? एवढं माहं मी देऊ शकते. सारा जन्म लोकायच्या वावरात दुसऱ्याचा कापूस वेचला, देण्यासारखं माहं स्वतःचं आहेच काय." अन् तिनं सही केली. मी तिले शिकवलेली, वेलांटी उलटी काढायची तशीच काढून. नातेवाइकाच्या रकान्यात माहं नाव टाकलं.

पुढचं तुमाले माहीत आहे. काढलेल्याची तपासणी होऊन त्याचा डबा हाती यायले बारा दिवस लागले. बारा दिवस तुम्ही धर्मशाळेत काढले. डबा भेटला तवा तुम्ही पिशवीतून स्वतः पिंजलेली रुई काढली, पांढरं कोरं कापड काढलं, त्या डब्याले आतून असं अंथरलं जसं कोण्या बाळंतिणीसाठी अंथरता. सगळा व्हरांडा पाहून राह्यला होता. मंग तुम्ही माह्याकडं पाहून, तुमाले ऐकू येत नाही म्हणून मोठ्यानं विचारलं, "सगळं आहे ना बेटा?"

मी नुसती मान हलवली. होकाराची.

तुमाले ऐकू येत नाही याचा मी फायदा घेतला. तोंडानं खोटं बोलले नाही, मानेनं बोलले. तुम्ही तो डबा मांडीवर घेऊन चिखलीपर्यंत एसटीत बसून गेले, कोणाच्या पायाशी ठेवला नाही. कब्रस्तानात स्वतःच्या हातानं पुरला. मंग जानेवारीत अम्मीही त्याच्याच बाजूले गेली. तवापासून तुम्ही सगळ्यायले सांगून राह्यले का नूरबी पुरीच्या पुरी गेली. मी चाळिसाव्यालेही ऐकलं, ईदलेही ऐकलं. दर वेळी वाटे आता सांगावं. मंग तुमचं तोंड पाहून हिंमत होत नसे.

नाही गेली, अब्बा. तांदळाएवढी इथं राहिली.

अन् ती आता तांदळाएवढीही नाही. वाढली आहे. एकेचाळीस नंबरचा नमुना म्हणतात तिले. आमच्या सुचिता मॅडमले माहीत आहे. त्यायनं मले विचारलं होतं, "तू हात लावू नको, दुसऱ्या कोणाला देते." मीच म्हणलं, नाही, मी करते. दर तिसऱ्या दिवशी तिचं गुलाबी पाणी मी बदलते. पातळ सरबतासारखं दिसते ते, त्यातूनच पेशीयले खायले भेटते. उबेच्या कपाटाचं दार उघडलं, की मी आधी तिच्याकडं पाहते. अम्मीच्या मय्यतीहून पाचव्या दिवशी परत आले, सामान खोलीवर न टाकता सरळ लॅबमधे गेले. सूक्ष्मदर्शकात पाहिलं तं गोळे होते, गोल, साबुत. माह्या तोंडून 'अम्मी' निघालं. मोठ्यानं निघालं.

आता त्याच्याहून वाईट सांगते. ते काही अम्मी नाही, हे मले समजते. मी शिकलेली आहे. जी तिले खाऊन गेली ती गाठ आहे. जिनं तिच्या अंगावर मूठभर मास ठेवलं नाही, तिलेच मी दाणापाणी घालून राह्यली. अम्मीले जी दवा दिली ना, ती सपाट बशीतल्या पेशीयवर चालली. जेलमधल्या गोळ्यायवर चालली नाही. एकही मेला नाही. त्या निकालाचा कागद हातात घेऊन मी संडासात जाऊन बसले होते. अम्मीवर ती दवा का चालली नाही ते आम्हाले समजलं, पण ती गेल्यावर चार महिन्यानं समजलं.

उन्हाळ्यात एकदा मले तिचा एवढा राग आला का मी सहा दिवस तिले काही दिलं नाही. म्हणलं मर. सातव्या दिवशी पाहिलं तं कडेचे गोळे काळे पडले होते. मी असं रडले अब्बा, जसं मीच कोणाले मारून टाकलं. मंग पाणी बदललं. आतले जगले. मॅडमले मी सांगितलं कपाट बिघडलं होतं. तेही खोटं.

इथं माह्याशी बोलणारं कोणी नाही. तेच एक काम असं आहे, की सकाळी उठावंसं वाटते.

आता अडलं कुठं ते ऐका. आमचं काम संपलं. असे नमुने एकत्र ठेवायची दुसऱ्या गावी मोठी पेढी आहे, तिथं शेकडो बायांचे आहेत. तिथं एकेचाळीस नंबर पाठवायचा असन तं घरच्यायची सही लागते, अन् ती साल संपायच्या आत, ३१ डिसेंबरपर्यंत. सही नाही दिली तं नमुना नष्ट करायचा. मी विचारलं होतं, मले गावी नेऊन पुरता येईन का. नाही येत. कायदा आहे, बाहेर नेता येत नाही. त्याच्यात दवा ओतून मारतात अन् मंग भट्टीत जाळतात.

जाळतात, अब्बा. हेच लिहायले माहा हात उठत नव्हता.

म्हणजे एक तं ती तिकडं परक्या गावी जाईन अन् तुमची नूरबी कधीच पुरी होणार नाही. नाही तं जळन. तिसरं काही नाही. सही माही चालते, पण मी ती तुमाले विचारल्याशिवाय करणार नाही. एकदा मान हलवून बसले, आता नाही. तुम्ही म्हणान ते करीन. शिव्या दिल्या तरी चालतीन, पण उत्तर द्या.

तुमची गुन्हेगार
मेहजबीन


पुणे,
१६ डिसेंबर २०१८

अब्बाले सलाम.

पोहोचले ते जाकीरभाईनं सांगितलं. पाय सुजले म्हणे. सुजणारच, एवढ्या लांबचा प्रवास अन् मांडी घालून बसायले जागा नाही. गरम पाण्यात मीठ टाकून शेका.

हे पत्र मी काऊन लिहून राह्यली तं तुम्ही इथं जे जे बोलले ते लिहून ठेवायसाठी. बरसीले चार लोकांत बसले, की तुम्ही म्हणान 'मी असं कवा म्हणलो?' तुमची सवय माहीत आहे मले. अन् काही गोष्टी मले त्या गर्दीत तुमच्या कानात ओरडता आल्या नाहीत.

पंधरा दिवस तुमचं कार्ड नाही, काही नाही. मी समजले, तोडलं मले. जाकीरभाई म्हणे, "काय लिहिलं तू? अब्बानं दुकान बंद करून हातानं पिंजायची जुनी धुनकी काढली, मशीनले हात लावत नाही, नुसते पिंजत बसले." मले काही समजलं नाही. अन् मंग त्या मंगळवारी गेटवरचा माणूस सांगत आला, की तुमच्या गावाकडचे एक म्हातारे गादी घेऊन आलेत, आत सोडत नाही म्हणून भांडून राह्यले. मी पळत आले तं तुम्ही गेटच्या कट्ट्यावर, गुंडाळलेल्या गादीवर बसलेले. कंडक्टरनं ती टपावर टाका म्हणलं म्हणून तुम्ही त्याच्याशीही भांडले. मले पाहून तुम्ही सलाम नाही, दुआ नाही, पहिलं हे विचारलं, "कुठं आहे ती?"

सुचिता मॅडमनं तुमाले आत येऊ दिलं, हे त्यायचे उपकार आहेत. तुम्ही पायात ते निळं प्लास्टिक घालायले नाही म्हणाले नाही, मले वाटलं म्हणान. एक डोळा मिटून तुम्ही त्या नळीत पाहिलं. किती वेळ पाहिलं! मले वाटलं तुमाले काही दिसूनच नाही राह्यलं. मंग तुम्ही डोळा न काढता म्हणले,

"रुईत अशी गाठ निघाली का आम्ही वेचून फेकतो. तुम्ही गाठच सांभाळता."

मॅडम म्हणल्या, "सांभाळल्याशिवाय ती कशी आहे ते कळत नाही बाबा." मी ते तुमच्या कानात ओरडून सांगितलं. तुम्ही मान हलवली. मंग विचारलं, "ज्याच्यावर ती आहे ते नरम आहे का?"

मी ओरडले, "हो अब्बा, लय नरम आहे!" सगळी लॅब थांबली. त्या हसणाऱ्या दोघीही तिथंच होत्या, त्यातली एक डोळे पुसत होती.

तुम्ही म्हणले, "बरं झालं. साऱ्या मुलखाच्या लेकीयच्या गाद्या भरल्या. तिले मातीत ठेवताना खाली काही अंथरता येत नाही. ते लय लागलं होतं मले." अन् रुमालानं नाक पुसून बाहेर गेले. तुम्ही हे कोणाले म्हणले नव्हते. मलेही नाही. साल होत आलं.

सहीबद्दल तुम्ही काहीच बोलले नाही. जेवताना नाही, खोलीवर नाही. मी विचारू विचारू केलं. स्टँडवर गाडी लागली, लोकं चढून राह्यले होते, अन् तवा तुम्ही खिडकीतून माहा हात धरला. तुमचे शब्द आहेत तसे लिहिते.

"ती तिथं एकटीच राहते का डब्यात?"

मी म्हणलं, हो, आमच्याकडं एकटीच. तिकडं गेली तं शेकडो बायांत राहीन.

"मंग दे पाठवून. वेचणीले दहा बाया असल्याशिवाय ती वावरात जात नव्हती. तिले एकटीले ठेवू नको. अन् तूही अशी राहू नको."

मी म्हणलं, पण ती पुरी नाही राहणार ना अब्बा. तुम्ही सगळ्यायले सांगितलं आहे.

तुम्ही माह्यावर डाफरले. "काय पुरी पुरी लावलं! मीच बावळट. तू इथं उभी, जाकीर तिकडं दुकानात. ती पुरी गेली कवा होती?"

अन् गाडी निघाली. तुम्ही खिडकी लावून घेतली, वळून पाहिलं नाही. मी तिथंच उभी राहिले. माह्याजवळून पाच-सहा गाड्या गेल्या असतीन.

काल मी सही केली. नमुना गुरुवारी जाईन. थंड डब्यात जाईन, मी स्वतः भरून देणार आहे. त्याच्या खाली अंथरायले काही लागत नाही, पण मॅडमले विचारून डब्याच्या बाहेरून तुम्ही ठेवून गेले ती रुई लावते. तेवढी चालते म्हणल्या. कपाट बिघडल्याचं खोटंही मॅडमले सांगून टाकलं. त्यायनं मले चहा पाजला. कॅन्टीनमधे. मी तिथं जोरात 'मले साखर कमी' म्हणलं.

दगड लावा. त्याच्यावर नुसतं नाव कोरा, नूरबी. दुसरं काही नको. बरसीले मी आठ दिवसाची सुट्टी काढून येते.

आता गादीचं. तुम्ही बोलले नाही, पण आत काय भरलं ते मी ओळखलं नाही असं वाटलं का? माळ्यावरचं पोतं आहे ते. अम्मीचं. लग्नात भरायचं होतं ना? मी विचारलं तं तुम्ही नुसतं म्हणले, "लग्नाची वाट पाहात पोरगी दबलेल्या गादीवर झोपन का?" मी गादी रिकाम्या पलंगावर अंथरून तुमचे टाके तपासले. एकसारखे आहेत.

फक्त एक आहे. उजव्या बाजूले, खांद्याखाली एक सरकी टोचते. मी बोटानं चाचपून पाहिली. चाळीस साल तुमच्या हातून एक सरकी राहिली नाही. ही राहिली का तुम्ही ठेवली, ते मी विचारत नाही. टाका उसवून काढणारही नाही. त्याच कुशीवर झोपते.

तुमची, अन् तिची उरलेली,
मेहजबीन